पिशवीतले रोप जमिनीत रुजवताना : विदर्भाच्या उन्हासाठी कोणता पर्याय धरावा?

अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर या भागात पावसाळ्यात लावलेली रोपे दिवाळीपर्यंत छान दिसतात. नवी पालवी येते, जास्वंदीला दोन-चार फुले लागतात आणि घरातले सगळे निश्चिंत होतात. मग मार्च येतो, पारा चाळिशीला टेकतो आणि तेच रोप आठवडाभरात माना टाकते. उपटून पाहिले तर मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा निघतो. सात-आठ महिने जमिनीत राहूनही मुळे बाहेर पडलेली नसतात. वरची पालवी आली ती नर्सरीतल्या खतावर आणि आयत्या पावसावर.

म्हणून रोप घेण्यापासून पाणी देण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय मी एकाच प्रश्नावर पारखतो: होळीच्या आत मुळे हुंडीबाहेर, म्हणजे पिशवीतल्या मुळे-मातीच्या गोळ्याबाहेर, निदान हातभर जातील का? ज्या पर्यायाने जातील तो घ्यायचा. दिसायला बरा, स्वस्त किंवा सोयीचा हे मुद्दे त्यानंतर.

मुळांना बाहेर पडायला बाहेरच्या मातीत ओल हवी, हवा हवी आणि सोसवेल इतकेच ऊन हवे. मातीचे तापमान ३५ अंशांपुढे गेले की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ मंदावते आणि ४० ते ४५ च्या पुढे बारीक मुळे मरू लागतात. मे महिन्यात हवेचाच पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर त्याहून कितीतरी जास्त तापतो. वरच्या तीन-चार इंचांत अडकलेल्या मुळांना त्या काळात वाली नसतो.

मोठे झाड की लहान रोप?

नवे घर झाले की कल मोठ्या झाडाकडे असतो. २१ बाय २१ इंची पिशवीतला सात-आठ फुटी आंबा टेम्पोतून उतरवला की त्याच दिवशी अंगण भरल्यासारखे वाटते. शेजारी ठेवलेले ८ बाय १० च्या पिशवीतले दीड-दोन फुटी रोप अगदीच किरकोळ दिसते. किमतीत कित्येक पटींचा फरक असतो आणि जास्त पैसे मोजले म्हणजे काळजी मिटली असेही वाटते.

पण हिशेब पानांचा आणि मुळांचा आहे. ८ बाय १० च्या पिशवीत दोन-अडीच लिटर माती मावते, २१ बाय २१ च्या पिशवीत पस्तीस-चाळीस. मोठ्या झाडाची पानेही त्याच मानाने वाढलेली असतात. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्या पानांतून जे पाणी उडते, ते भागवायला हुंडीतला साठा एक-दोन दिवसांचाच असतो. बाहेरच्या जमिनीतून पाणी ओढायला मुळे पसरायला हवीत, आणि जितके झाड मोठे तितका त्यासाठी काळ जास्त. लहान रोपाची गरजच थोडी असते. एका पावसाळ्यात त्याची मुळे आपल्या पानांना पुरतील इतकी पसरू शकतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या पिशवीतले झाड तिथे थेट जन्मलेले नसते. ते आधी ५ बाय ७ मध्ये होते, मग ८ बाय १० मध्ये, मग १२ बाय १२ मध्ये. प्रत्येक पिशवीत मुळांनी कडेला धडकून गोल फेरे घेतलेले असतात आणि मोठ्या पिशवीत बदलताना ते फेरे सहसा कोणी सोडवत नाही. बाहेरून हुंडी निरोगी दिसते, आत खोडाला वेढा पडलेला असतो. असे झाड चार-पाच वर्षे जगते, मग वावटळीत कलते किंवा एका बाजूने वाळत जाते. लहान पिशवीत फेरे पडले असले तरी ते बाहेरच्या बाजूलाच असतात, आणि कात्रीने काढता येतात.

आंबा, चिकू, पेरू, लिंबू, सीताफळ, कडुनिंब यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: लहान रोप घ्या. माझ्या पाहण्यात ते तीन-चार वर्षांत मोठ्या रोपाची बरोबरी करते आणि नंतर पुढे जाते. मोठे झाड घ्यायचेच असेल तर पाम, बांबू, देवचाफा यांचे घ्या. पामला बुंध्यातून सतत नवी तंतुमुळे फुटतात, देवचाफा तर जाड फांदी रोवूनही लागतो. पश्चिमेच्या भिंतीला यंदाच सावली हवी असेल आणि ठिबकची सोय असेल तर बाकीच्यांतही धाडस करता येईल, पण एका झाडामागे दोन उन्हाळे लक्ष द्यायची तयारी ठेवूनच.

नर्सरीत रोप पारखताना पाने शेवटी पाहा. आधी खोड दोन बोटांत धरून हलकेच हलवा. खोड मातीत डुगडुगत असेल तर रोप नुकतेच मोठ्या पिशवीत भरलेले आहे. मोठ्या पिशवीचे पैसे जातील आणि मुळे लहान पिशवीचीच मिळतील. मग पिशवी उचला. तळाच्या भोकांतून जाड मुळे खालच्या जमिनीत गेली असतील तर उचलताना ती तुटणार. ते रोप जुने आहे, तिथेच राहू द्या. माळ्याला सांगून एखादी पिशवी बाजूने उघडायला लावा. चांगला नर्सरीवाला नाही म्हणत नाही. मुळांची टोके पांढरी किंवा फिकट पिवळी हवीत. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाची असतील तर पुढच्या रांगेकडे वळा.

तांबडी माती की कोकोपीट?

आपल्याकडची पुष्कळ शोभेची रोपे पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून किंवा आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून ट्रकने येतात. बरीचशी तांबड्या चिकट मातीत भरलेली असतात. अलीकडे, विशेषतः ट्रेमधली आणि कुंडीतली रोपे, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येऊ लागली आहेत. दोन्हींचा त्रास वेगळा आहे आणि इलाजही.

तांबड्या मातीची हुंडी वाहतुकीत टिकते, लावणीच्या वेळी फुटत नाही. म्हणूनच नर्सरीवाल्यांना ती सोयीची. पण ती एकदा सुकली की विटेसारखी होते. भोवतीची काळी जमीन ओली असते, पाणी द्यायचे म्हणून आपण देतो, आणि ते हुंडीला वळसा घालून खाली जाते. त्यातच काळी जमीन पावसात फुगते आणि सुकताना आकसते. आकसली की हुंडी आणि जमीन यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडते. त्या फटीत मुळे पोचली तरी पुढे धरायला माती नसते. ऑक्टोबर हिटमध्ये आळ्यात अशी गोल भेग दिसली तर भुसभुशीत माती टाकून ती काठीने ठासून बंद करावी लागते.

कोकोपीट हलके असते, त्यात हवा खेळते, मुळे भराभर वाढतात. या बाबतीत ते तांबड्या मातीपेक्षा सरस आहे. अडचण जमिनीत गेल्यावर सुरू होते. कोकोपीट आजूबाजूच्या बारीक कणांच्या मातीपेक्षा लवकर कोरडे होते आणि पूर्ण कोरडे झाले की पाणी धरतच नाही. पाणी वरून निथळून जाते. जमिनीला हात लावाल तर ओल लागेल, आणि रोप मात्र तहानेने मरत असेल. म्हणून कोकोपीटच्या रोपाला पहिले तीन-चार आठवडे पाणी आळ्यात दिले असे समजून चालत नाही, ते थेट बुंध्याजवळच्या हुंडीवर सोडावे लागते.

दोन्हींतून निवडायचे असेल आणि रोज पाहायला घरात माणूस असेल तर कोकोपीटचे घ्या. फार्महाऊसवर किंवा शेताच्या बांधावर लावायचे असेल, आठवड्यातून एकदाच जाणे होत असेल तर तांबड्या मातीचे बरे; ते उशिरा सुकते.

कसेही असले तरी लावायच्या आदल्या संध्याकाळी पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा. कोरडी हुंडी जमिनीत घालणे हे सगळ्यात जास्त रोपे मरण्याचे कारण आहे असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. दमट हवेतून आलेले रोप आपल्या कोरड्या हवेत लगेच उन्हात लावू नका. आठ-दहा दिवस झाडाच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवा. पण काळी पिशवी फरशीवर उन्हात ठेवू नका. उन्हाकडची बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळे लावणीआधीच भाजून गेलेली असतात.

संत्रा-लिंबाचे कलम : पिशवीतले की जमिनीतून उपटलेले?

अमरावती जिल्ह्यात वरुड, शेंदुरजना घाट भागात संत्र्याची कलमे जमिनीवरच्या रोपवाटिकेत वाढवून, उपटून, जुड्या बांधून विकायची जुनी रीत आहे. खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरून कलम करतात ते खालचे मुळांचे रोप, जंबेरीचा किंवा रंगपूर लाईमचा. अशा कलमाची मुळे कधी पिशवीत फिरलेली नसतात, म्हणून ती सरळ पसरतात. स्वस्तही पडते. पण उपटल्यापासून लावेपर्यंत मुळे उघडी राहतात, आणि त्या रोपवाटिकेच्या जमिनीत फायटोफ्थोराची बुरशी असेल तर ती कलमाबरोबर तुमच्या बागेत येते. एकदा आली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज पिढ्यानपिढ्या पाठ सोडत नाही.

घराभोवती दोन-चार झाडे लावणाऱ्याने पिशवीतलेच कलम घ्यावे, तेही निर्जंतुक मातीत वाढवलेले. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने रोगमुक्त कलमांची ही पद्धत रुजवली आहे. उपटलेलेच घेणे भाग असेल तर मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवा आणि त्याच दिवशी लावा. कोणत्याही प्रकारात डोळा भरलेला जोड जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. जोड मातीत गेला की बुरशीला दार उघडते.

जूनमध्ये लावावे, सप्टेंबरमध्ये की फेब्रुवारीत?

फेब्रुवारीचा पर्याय लगेच बाजूला ठेवतो. थंडी सरते, नर्सरीत फुललेली रोपे असतात, मोह होतो. पण मुळांना मिळतो जेमतेम महिना. आणलेच तर एक माप मोठ्या पिशवीत हलवा, सावलीत सांभाळा आणि पावसाळ्यात लावा.

खरी निवड मृगाचा पाऊस आणि पोळ्यानंतरचे दिवस यांत आहे, आणि ती जमिनीवर ठरते. मुरमाड, उताराच्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत जून-जुलैला तोड नाही. दोन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली की लावा. पहिल्या सरीने भुलू नका, विदर्भात त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांची उघडीप पडते. पुढचे चार महिने मुळांना ओल आयती मिळते.

भारी काळ्या जमिनीत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी तुंबते. मुळांना हवा मिळत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात रोप सुकलेल्यासारखेच दिसते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. अशा जमिनीत ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर हा काळ मला अधिक भरवशाचा वाटतो. जमीन कोमट असते, वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ, येऊ लागलेला असतो, आणि थंडी पडेपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात. जूनमध्येच लावायचे असेल तर खड्डा नको, एक-दीड फूट उंचीच्या पसरट उंचवट्यावर लावा.

हुंडी तशीच ठेवावी की मुळे मोकळी करावीत?

हुंडी फुटू देऊ नका, असे आपल्याला सगळ्यांनी शिकवले आहे. आतली माती ढासळून बारीक मुळे तुटू नयेत एवढ्यापुरते ते बरोबर आहे. पण बाहेरच्या बाजूला मुळांचे जाळे विणले गेले असेल आणि ते तसेच जमिनीत गेले, तर ती मुळे फिरतच राहतात. त्यांना बाहेर वळवणारे काही नसते.

मी करतो ते असे. भिजवलेली पिशवी आडवी ठेवून ब्लेडने उभी चिरतो. तळाशी मुळांची चुंबळ दिसली तर धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) तळाचा इंचभर थर सरळ कापून काढतो. मग बाजूला वरून खाली तीन किंवा चार उभ्या रेघा मारतो, अर्धा इंच खोल. शेवटी बोटांनी बाहेरचा मातीचा थर खरवडतो, म्हणजे मुळांची टोके मोकळी होऊन बाहेरच्या दिशेला येतात. कापलेल्या जागेच्या मागून नवी मुळे फुटतात आणि ती सरळ जमिनीत जातात. हे काम ढगाळ दिवशी किंवा उन्हे उतरल्यावर, सावलीत करायचे आणि पाच मिनिटांत रोप जमिनीत गेले पाहिजे.

सगळ्यांना हे मानवत नाही. जास्वंद, पेरू, लिंबू, तगर, मोगरा निर्धास्त खरवडा. आंबा आणि चिकूच्या कलमाला बाजूने हात लावू नका, फक्त तळाचे वळलेले सोटमूळ कापा. बोगनवेल आणि पपई यांची मुळे फार नाजूक. पिशवी खड्ड्यात ठेवूनच चिरा आणि अलगद ओढून घ्या. तीच गोष्ट मार्च-एप्रिलमध्ये नाइलाजाने लावाव्या लागणाऱ्या कोणत्याही रोपाची.

रोपाला नर्सरीत बांधलेली काठी काढून टाका. आधार हवाच असेल तर हुंडीच्या बाहेर दोन खुंट रोवून सुतळीने सैल बांधा. खोड वाऱ्याने थोडे हलले की बुंधा जाड होतो.

खोल खड्डा की रुंद खड्डा?

आंब्यासाठी १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, उन्हाळ्यात तापवलेला, मग पोयटा माती, शेणखत, सुपर फॉस्फेट, निंबोळी पेंड घालून भरलेला: ही शिफारस शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे दिली जाते. फळबागेत, मुरमाच्या जमिनीत तिला अर्थ आहे. खाली कठीण मुरूम असेल तर मुळांना जागा आपणच करून द्यावी लागते. सब्बलीने, जमल्यास जेसीबीने, खोल खणून तळाचा थर फोडला नाही तर ते झाड कुंडीतच वाढते आहे असे समजा.

भारी काळ्या जमिनीत हाच खड्डा घात करतो. भोवतालची चिकण माती पाणी मुरू देत नाही आणि भुसभुशीत भरलेल्या खड्ड्यात पाणी गोळा होते. शिवाय खत खड्ड्यातच असल्याने मुळेही खड्ड्यातच रमतात, काठाशी आली की वळतात. वर्षभरात शेणखत कुजून माती खाली बसते, रोप खचते आणि खोडाभोवती पाणी साचू लागते. इथे खड्डा हुंडीच्या उंचीइतकाच खोल आणि तिप्पट रुंद घ्यावा, काठ गुळगुळीत न ठेवता टिकावाने ओबडधोबड करावेत, आणि निघालेलीच माती परत भरावी. शेणखत वरून पसरावे, घमेलेभर. पाण्याबरोबर ते खाली उतरते. हुंडीची वरची पातळी जमिनीच्या दोन बोटे वर राहिली तर उत्तम.

बांधकामाच्या प्लॉटवर तिसरीच परिस्थिती असते: वर भरावाचा मुरूम, चुना-सिमेंटचे तुकडे, खाली काळी माती. तिथे भराव बाजूला करून मूळ जमिनीपर्यंत जायलाच हवे. यात काटकसर करू नका.

पाणी : नळी, ठिबक की मडके?

बाकी सगळे नीट करून झाड जाते ते बहुधा पाण्यापायी, आणि कमी पाण्याने जितकी जातात तितकीच रोज थोड्या पाण्यानेही जातात. संध्याकाळी नळी धरून दोन मिनिटे शिंपडले की वरची दोन इंच माती भिजते. मुळे तिथेच राहतात, कारण ओल तिथेच आहे. मग मे येतो आणि नेमका तोच थर तापतो.

नळीनेच द्यायचे असेल तर बारीक धार लावून आळे दोनदा भरू द्या आणि मग सुट्टी द्या. पहिले दोन-तीन आठवडे, पाऊस नसेल तेव्हा, ८ बाय १० च्या रोपाला दिवसाआड दोन-तीन लिटर थेट हुंडीवर. त्यानंतर हळूहळू अंतर वाढवायचे, मात्रा वाढवायची आणि आळे बाहेर सरकवायचे. थंडीत काळ्या जमिनीत आठवड्याला दहा-पंधरा लिटर पुरतात. एप्रिल-मेमध्ये तेवढेच किंवा थोडे जास्त, आठवड्यातून दोनदा. मुरमाड जमिनीत एका वेळी कमी आणि जास्त वेळा. किती खोल भिजले ते पाहायला पातळ लोखंडी सळई पुरते. ओल असेल तिथपर्यंत ती सहज जाते, कोरड्यात अडते. फूटभर गेली पाहिजे.

ठिबकची खरी सोय म्हणजे ते विसरत नाही. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, हुंडीच्या दोन बाजूंना, ही चांगली सुरुवात आहे. चूक होते ती पुढे. लॅटरल (ठिबकची बारीक नळी) टाकून झाली की ड्रिपर वर्षानुवर्षे खोडाला चिकटूनच राहतात, मग मुळेही तिथेच गोळा होतात. दिवाळीला ड्रिपर फूटभर बाहेर घ्या, पुढच्या पावसाळ्यानंतर आणखी बाहेर. संत्रा-लिंबाला दुहेरी आळे करतात ते याच विचाराने: खोडाजवळचे आतले आळे कोरडे, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. बुंधा कोरडा राहतो आणि मुळे पाण्यामागे बाहेर जातात.

मडके हा वीज आणि नळी नसलेल्या जागेचा पर्याय आहे, आणि माझ्या मते बांधावरच्या झाडांसाठी सर्वांत चांगला. पाच-सात लिटरचे न रंगवलेले, पाणी पाझरेल अशा पोताचे मडके रोपापासून फूट-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचे, झाकण ठेवायचे, तीन-चार दिवसांनी भरायचे. भोवतीची माती सुकेल तसे पाणी पाझरते. ओल खोल राहते, वरून उडून जात नाही, आणि मुळे मडक्याकडे म्हणजे हुंडीबाहेर ओढली जातात. पहिल्या महिन्यात मात्र मडक्यावर विसंबू नका. हुंडीतल्या मुळांना ते अजून लांब असते. बोअरचे पाणी जड असेल तर क्षाराने मडक्याची छिद्रे बुजतात, वर्ष-दोन वर्षांत मडके बदलावे लागते.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमीन आणि विहिरींचे पाणी खारे आहे, ठिबक आणि मडके दोन्ही जपून वापरा. ओल संपते त्या कडेला मीठ साठते, आणि नवी मुळे नेमकी तिथेच जाऊ पाहतात. तिथे छतावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून पहिल्या वर्षी रोपांना राखून ठेवणे परवडते.

आच्छादन, आडोसा आणि बाटल्या

आच्छादन करावे का, हा प्रश्नच नाही. फक्त कशाचे ते ठरवा. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) सहज मिळते पण वाऱ्याने उडते, त्यावर थोडी माती टाकावी लागते. उसाचे पाचट किंवा वाळलेली पाने चार इंच जाड पसरली की उन्हाळाभर पुरतात. गिट्टी किंवा दगड सुबक दिसतात, पण उन्हात तापतात. पहिल्या उन्हाळ्यात नकोत. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. उधईचा (वाळवीचा) त्रास असलेल्या जमिनीत आच्छादन अधूनमधून उलथून पाहा.

आडोशासाठी हिरवी जाळी आणि तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) यांत मी तुराट्या निवडेन. पश्चिम आणि दक्षिण बाजूला फेब्रुवारीअखेर उभ्या केल्या की दुपारचे ऊन अडते, हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात त्या तिथेच कुजतात. चारी बाजूंनी जाळी गुंडाळली तर आत वाफ कोंडते.

मुळे वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. रूटिंग पावडर फांदीला मुळे फोडण्यासाठी असते, मुळे असलेल्या रोपाला तिचा उपयोग नाही. ह्युमिक आम्ल, मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) यांचा फरक जमिनीगणिक बदलतो. जिवंत जमिनीत मायकोरायझा आधीपासूनच असते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी) शेणखतात मिसळून देणे बरे, विशेषतः संत्रा-लिंबाला. हाताशी पैसे मोजके असतील तर ते आच्छादन आणि मडक्यांवर घाला.

कलम आणण्याऐवजी कोय लावली तर?

पाण्याची सोय नसलेल्या जागी हा पर्याय नर्सरीतल्या कोणत्याही रोपापेक्षा सरस ठरतो. आंबा खाऊन झाला की गावरान आंब्याच्या दोन-तीन ताज्या कोया पहिल्या पावसात जागेवरच लावायच्या. कोय फार दिवस ठेवली तर उगवत नाही, पण आपल्याकडे आंबा आणि पाऊस लागोपाठच येतात. सोटमूळ न वळता, न तुटता सरळ खाली जाते. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की पुढच्या पावसाळ्यात जाणकाराकडून त्यावर केशरची किंवा हव्या त्या जातीची काडी भरून घ्यायची. बोर, आवळा, सीताफळ यांनाही ही पद्धत चालते. फळ एखाद-दोन वर्षे उशिरा येते आणि कलम बांधणारा माणूस गाठावा लागतो. ज्याला यंदाच अंगणात हिरवे हवे आहे त्याच्यासाठी हे नाही. शेताच्या टोकाला, जिथे उन्हाळ्यात पाणी न्यायला कोणी नाही, तिथे दुसरे काही लावूच नये.

कोणताही पर्याय घ्या, नोव्हेंबरअखेर एकदा तपासा. खोडापासून फूटभर अंतरावर, आळ्याच्या काठाला, खुरप्याने वीतभर खोल चर काढा. पांढरी, दोऱ्यासारखी मुळे दिसली तर चर बुजवा आणि पाणी तिथून आणखी बाहेर द्यायला लागा. काहीच दिसले नाही तर हाताशी अजून तीन महिने आहेत: हुंडीच्या कडेने खुरप्याने तीन-चार जागी माती मोकळी करा, भेग असेल तर बुजवा, हुंडीवर आणि तिच्या बाहेरच्या वीतभर पट्ट्यात सावकाश पाणी मुरवा, आच्छादन जाड करा. महिन्याने दुसऱ्या बाजूला पुन्हा चर काढून पाहा. जानेवारीतही मुळे दिसली नाहीत तर वरची कोवळी पालवी आणि फुले खुडून रोपाचा भार कमी करा आणि तुराट्या फेब्रुवारीअखेरची वाट न पाहता लगेच उभ्या करा.